अर्ध्या मोटारीचा हेवा

दसरा उलटला की आमच्या मलकापुरात हवेलाच तंतू फुटतात. खिडकीच्या गजांवर, तुळशीच्या मंजिऱ्यांवर, दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्यांवर रुईचा बारीक पांढरा थर बसतो. जिनिंगमधले रेचे, सरकीपासून रुई सोडवणारी यंत्रं, दिवसभर घरघरत राहतात. कापसानं शिगोशीग भरलेल्या बैलबंड्या रस्त्याच्या कडेला ओळीनं उभ्या असतात. सोडलेले बैल कडबा चघळतात, माणसं खोकतात आणि खोकता खोकता भावाचं बोलतात. घसा खवखवायला लागतो. आणि त्याच सुमाराला मला कुसुमचा हेवा वाटायला लागतो. इतकी वर्षं झाली, केस पिकले, शाळेतून निवृत्त झाले, पण हा हेवा काही निवृत्त व्हायला तयार नाही. कापसाबरोबर येतो, कापसाबरोबर जातो.

मी आणि कुसुम एका गावच्या, सोनाळ्याच्या. सातपुड्याच्या पायथ्याशी एकाच शाळेत एकाच तरटावर बसलो. तिला पाढे येत नसत, मला येत. तिचे केस पातळ, माझे दाट. हे सगळं मी आज सांगते आहे यावरूनच कळेल की मी ते किती जपून ठेवलं आहे. राणीचा हेवा कुणी करत नाही. हेवा करायला माणूस आपल्याच तरटावरचं लागतं. दोघींची लग्नं होऊन दोघी मलकापुरातच आलो, यात योगायोग एवढाच की दोघींच्या बापांना ओळखीचं मोठं गाव तेच होतं. माझे यजमान कचेरीत कारकून. मी मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. कुसुम मात्र जिनिंगवाल्यांच्या घरात पडली. तिचे यजमान वसंतराव हे देखणे, हसरे, यंत्रवेडे गृहस्थ. मी त्यांना भाऊजी म्हणत असे. रेचा बंद पडला तर मिस्त्री येण्याआधी स्वतः बाह्या सावरून खाली वाकणारा मालक त्या काळात तरी दुसरा पाहिला नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. तेव्हा कधीतरी वसंतराव कापसाच्या कामानं मुंबईला गेले आणि येताना मोटार घेऊन आले. घरात एक काळी, ऐसपैस मोटार आधीच होती, ही दुसरी. कुणी साहेब नोकरी आटोपून विलायतेला परत चालला होता, त्यानं जाताजाता ती जवळजवळ देऊनच टाकली होती. शर्यतीच्या जातीची मोटार. डाळिंबी रंग, लांब नाक, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी. आत जागा फक्त दोघांची आणि वर छप्पर नाही. कापडाचं एक छत होतं म्हणे, ते साहेबानं आधीच हरवलेलं.

गाव दोन दिवस नुसतं पाहत राहिलं. तिसऱ्या दिवशी वसंतरावांच्या थोरल्या भावानं विचारलं, "बाकीची मोटार कुठी हाय, वसंता? मालगाडीनं येऊन राह्यली काय?" तेव्हापासून तिचं नाव पडलं, अर्धी मोटार.

त्या मोसमात अर्धी मोटार जी हिंडली! सकाळी कुसुम डोक्याला रुमाल बांधून वसंतरावांच्या शेजारी बसायची आणि दोघं नांदुऱ्याच्या रस्त्यानं उधळायची. मी शाळेत फळ्यावर तारीख लिहीत असे तेव्हा तिचा आवाज यायचा. आधी लांबून गुरगुर, मग एकदम खिडकीखाली गर्जना, आणि मग नुसती धूळ. मुली बाकांवरून उठून पाहायच्या. "बसा खाली," मी म्हणायची. मीही पाहिलेलं असायचं.

दिवाळीनंतर तर कहर झाला. एक दिवस मोटार आली ती कुसुम चालवत. शेजारी वसंतराव हाताची घडी घालून बसलेले, चेहऱ्यावर गुरूचं हसू. जिला सातचा पाढा येत नव्हता ती कुसुम गिअर टाकत होती! बाजारपेठेतली माणसं दुकानांच्या पायऱ्या उतरून खाली आली. तिच्या सासूनं म्हणे चार दिवस अबोला धरला आणि पाचव्या दिवशी देवीला जायला तीच आधी जाऊन बसली.

कुसुमच्या मनात माझ्यापासून लपवावं असं काही नव्हतं, हे आणखीच वाईट. ती मला बोलावून न्यायची. "चाल वो सिंधू, राजूरचा घाट पाहून येऊ." मी नको म्हणायची, मग जायची. मोताळा मागे पडलं की घाट सुरू होई. मोटार वळणावळणानं वर चढे, खालचं सगळं पांढऱ्या ठिपक्यांचं शेत तिरपं होई. वारा तोंडात शिरून बोलू देत नसे. त्या अर्ध्या तासात मला कशाचा म्हणजे कशाचा हेवा वाटत नसे. तो घरी उतरल्यावर वाटायचा. ती मोटार घेऊन जायची आणि मी दाराशी विस्कटलेल्या केसांनी उभी राहायची, तेव्हा.

तिची पद्धत फार बेफिकीर होती. मागच्या फटीत वांग्यांचं पोतं कोंबायची. हुरड्याच्या दिवसांत कणसं पायाशी, राख सीटवर. एकदा बंड्यांच्या गर्दीत एका बैलानं मान फिरवली आणि शिंगानं दारावर हातभर ओरखडा काढला. गाडीवान बिचारा घाबरून हात जोडायला लागला. वसंतराव उतरले, ओरखडा पाहिला, बैलाच्या कपाळावर थाप मारली आणि म्हणाले, "सही केली बे यानं." जिनिंगच्या यंत्राचा उरलेला लाल रंग होता, तोच वर फासला. डाळिंबी अंगावर विटकरी पट्टा. दोघं तो पट्टा पाहुण्यांना हौसेनं दाखवत.

मी तेव्हा मनात म्हणे, ज्याला किंमत कळत नाही त्याच्याच हाती देव देतो. किंमत. हाच शब्द मी वापरत होते.

ती कळायला दोनेक वर्षं लागली. बाहेरून मोटारी येणं सरकारनं बंद करत आणलं होतं. कापसाच्या ऐन हंगामात मुंबईचा एक व्यापारी नागपूरला चालला होता. हमरस्त्यावर चहाला थांबला आणि त्याला अर्धी मोटार दिसली. जुन्या विलायती मोटारी विकत घेऊन शौकिनांना विकणं हाच त्याचा धंदा. तो चहा टाकून मोटारीमागोमाग जिनिंगपर्यंत आला. मी तेव्हा कुसुमकडेच होते. त्यानं मोटारीला दोन प्रदक्षिणा घातल्या, खाली वाकून पाहिलं आणि एक आकडा सांगितला. वसंतराव खो खो हसले. कुसुम म्हणाली, "एवढ्यात त ट्रॅक्टर येईन!" व्यापारी म्हणाला, "वहिनी, ट्रॅक्टर उद्याही मिळेल. अशी गाडी आता देशात येणार नाही. आहे तेवढ्याच. नाही विकायची तर नका विकू, पण जपा." आणि जाता जाता त्या विटकरी पट्ट्यावर बोट ठेवून त्यानं असा सुस्कारा सोडला, जसा वैद्य सोडतो.

वसंतरावांनी मोटार विकली नाही. पण दुसऱ्या दिवशी ती चिंचेखालून हलून टिनाच्या शेडखाली गेली. चिंचेवरून पाखरं घाण करतात, असं ते म्हणाले. पाखरं काही नव्यानं आली नव्हती.

पुढच्या हंगामात व्यापारी पुन्हा आला आणि त्याच मोटारीच्या किमतीत आता बाजारपेठेतलं एक दुकान बसायला लागलं. त्याच्या पुढच्या वर्षी पत्र आलं, त्यात दुकानाबरोबर वरचा माळाही. दर वर्षी कापसाचा भाव कमीजास्त होई, पण अर्धी मोटार चढतच होती. मुंबईहून खास रंग आला, शिंगाचा ओरखडा नाहीसा झाला. वांगी बंद झाली. हुरडा बंद झाला. रुईचे तंतू यंत्रात जातात म्हणून ऐन हंगामातच मोटार बाहेर निघेनाशी झाली. मग खडीचा रस्ता नको, मग ऊन नको. शेवटी वसंतराव रविवारी तिला शेडमधून काढत, अंगणात पाच मिनिटं चालू ठेवत आणि परत आत ढकलत. ढकलताना चार माणसं लागत आणि चौघांनाही हात पुसून यावं लागे.

"आज मी नेऊ काय नांदुऱ्यापर्यंत?" कुसुमनं एकदा माझ्यासमोर विचारलं.

"अवं, आता हे चालवाची गोष्ट नाही राह्यली," ते अगदी प्रेमानं म्हणाले. "हे ठेवाची गोष्ट हाय."

आता माझा हेवा थांबायला हवा होता. कुसुम माझ्यासारखीच पायी हिंडायला लागली होती. पण नाही. उलट तो आणखी चिवट झाला. माझ्या यजमानांची सायकल वापरून झिजत होती. तिची मोटार न वापरता वाढत होती. आमच्या घरात जे होतं त्याची किंमत रोज थोडी कमी होत असे, मी धरून. आणि त्या शेडमध्ये गोधडीखाली एक वस्तू काही न करता, नुसती बसून, दर वर्षी श्रीमंत होत होती! मला कुसुमचा हेवा वाटे. आणि हळूहळू लक्षात आलं की कुसुमला मोटारीचा वाटतो. वसंतराव संध्याकाळी जिनिंगमधून आले की आधी शेडमध्ये जात. मऊ कातडं घेऊन तिचं नाक पुसत. कुसुम ओसरीवर चहा घेऊन उभी असे. "माह्या तोंडावर त त्यायनं इतक्या मायेनं हात नाही फिरवला कधी," ती एकदा मला म्हणाली, हसत म्हणाली, पण डोळे शेडकडे होते. आणि वसंतराव? त्यांना कुणाचाच हेवा नव्हता. त्यांना भीती होती. पूर्वी बैलाचं शिंग लागलं तरी हसणारा माणूस आता शेडजवळ लगोरी खेळणाऱ्या मुलांवर ओरडायचा.

अशाच एका हंगामात, संक्रांतीच्या आधी, सोनाळ्याहून कापूस घेऊन आलेल्या गाडीवानानं कुसुमला निरोप दिला. "मायची तब्येत बरी नाही. जेवण सुटलं. तुले पाहाचं म्हणून राह्यली."

काळी मोटार थोरल्या दिरानं अकोल्याला नेलेली. एसटीनं जायचं तर दोनदा बदलायची, आणि त्या दिवशीची पहिली निघून गेलेली. कुसुमनं वसंतरावांकडे किल्ली मागितली. मी निरोप ऐकून धावत आले होते, म्हणून हे सगळं माझ्या कानांनी ऐकलं.

"उद्या तो मुंबईवाला येऊन राह्यला," वसंतराव म्हणाले. "सौदा पक्का कराले. संग्रामपूरच्या पुढचा रस्ता तुले माहीत हाय. उद्याच्याले दादाची मोटार येईन, मग जाऊ दोघंही."

"उद्या माय असंन काय, हे सांगते काय मुंबईवाला?"

कुसुमनं खुंटीवरची किल्ली काढली. त्यांनी अडवलं नाही, हेही सांगायला हवं. ते नुसते बाजूला झाले. शेडमधून गोधडी ओढताना ती मला म्हणाली, "बस वो." मी शाळेला चिठ्ठीही पाठवली नाही. बसले.

आधी ती चालूच होईना. इतके दिवस बसून अंग आखडलेलं. मग एकदा खोकली, दोनदा खोकली आणि अशी गरजली की बंड्यांचे बैल दचकून उभे राहिले. नांदुऱ्यापर्यंत कुसुमचे हात मी पाहत होते. आधी ते चाक घट्ट आवळून होते. मग बोटं सैल झाली. मग नुसती टेकलेली राहिली. आईच्या काळजीनं निघालेली बाई, पण मोटारीनं तिला ओळखलं होतं आणि तिनं मोटारीला. दोन्ही बाजूंना कापसाची पऱ्हाटी फुटली होती, वेचणाऱ्या बाया कमरेची ओटी सावरत उभ्या राहून पाहत होत्या. कुणी तरी हात केला. कुसुमनं भोंगा वाजवला.

पूर्णेच्या पात्रात पाणी उतरलं होतं आणि वाळूतून हिवाळी वाट पडली होती. मधोमध मोटार रुतली. मागची चाकं नुसती वाळू उडवायला लागली. मागून येणाऱ्या बंड्यांची माणसं उतरली, धोतरं खोचली, डाळिंबी अंगाला चिखलाचे हात लावून त्यांनी ती ढकलून काढली. एक म्हातारा म्हणाला, "अर्धी होती म्हणून निघाली, बाई. पुरती असती त इथंच राह्यली असती." कुसुम हसली. त्या सकाळी पहिल्यांदा हसली. संग्रामपूरच्या पुढे खालून दगड लागून मोठा आवाज झाला. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

सोनाळ्याला काकू, म्हणजे तिची माय, ओसरीवर बाजेवर पडलेल्या. हाडांवर नुसतं लुगडं पांघरल्यासारख्या. कुसुमला पाहून त्यांचे डोळे भरले. थोडा वेळ लेकीचा हात हातात धरून पडून राहिल्या. मग बाहेर जमलेल्या पोरांचा गलका ऐकून म्हणाल्या, "काय आणलं तुनं?"

"मोटार आणली, माय."

"तूच आणली? तुह्या हातानं?"

"हाव."

काकूंनी कोपरावर भार देऊन मान उचलली. "मले बसव तिच्यात," म्हणाल्या. कुसुमच्या भावानं नको नको केलं. पण त्यांनी लेकरासारखा हट्ट धरला. शेवटी त्यानंच त्यांना उचललं आणि माझ्या जागेवर बसवलं. गोधडी गुंडाळली. डोक्याला कुसुमनं स्वतःचा रुमाल बांधला. मोटार हळूहळू, बैलाच्या चालीनं, गावाबाहेरच्या त्यांच्या शेताकडे निघाली. मी आणि तिचा भाऊ मागून चालत गेलो आणि बांधावर थांबलो.

वेचणी निम्मी झाली होती. मोटार शेताच्या कडेनं गाडीवाटेला लागली. लांबून दोन डोकी दिसत होती, एक काळं, एक रुमालातलं. रुमालातलं डोकं सारखं हलत होतं. काकू काहीतरी बोलत होत्या, बोट करून दाखवत होत्या. कुसुम मान डोलावत होती. एकदा मोटार थांबली. काकूंनी हात बाहेर काढून पऱ्हाटीचं एक बोंड तोडलं असावं. मग ती पुन्हा चालू झाली, लांब विहिरीपर्यंत गेली, आणि मागे सातपुडा निळा पसरलेला.

माझी आई मी शाळेत असतानाच गेली. तिला मी कधी कुठे नेलं नाही. बैलबंडीतूनही नाही. त्या बांधावर उभी असताना मला जो हेवा वाटला, त्याच्यापुढे आधीचे सगळे मोसम म्हणजे खेळ होता. मी पदर डोळ्यांवर ओढून घेतला. तिचा भाऊ म्हणाला, "ऊन लागून राह्यलं काय, ताई?" मी हो म्हटलं.

दिवेलागणीला आम्ही मलकापुरात परत आलो. वसंतराव फाटकातच उभे होते. मोटार थांबली. कंदील वर धरून ते पुढून निघाले, दारावरचे चिखलाचे हात पाहिले, मागे गेले, खाली वाकले, दगड लागला होता तिथं बोटं फिरवली, दुसऱ्या बाजूनं परत पुढे आले. कुसुम तोवर चाकाशीच बसून होती. मग त्यांनी विचारलं, "माय कशी हाय?"

त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. मी शपथेवर सांगेन. पण ते विचारायला त्यांना मोटारीला एक पूर्ण फेरा घालावा लागला होता. कुसुम उतरली. किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. "बरी हाय," म्हणाली, आणि आत गेली. पुन्हा ती त्या मोटारीत बसली नाही, आणि त्या दिवसाबद्दल नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

संक्रांत झाली आणि काकू गेल्या. मुंबईवाल्याशी त्या वर्षी सौदा झाला नाही, दगडाच्या पोच्याचं निमित्त झालं. आणखी काही वर्षं मोटार शेडमध्येच राहिली, चढत राहिली. शेवटी वसंतरावांनी ती विकली तेव्हा गाव महिनाभर आकडाच बोलत होतं. गोणपाटात गुंडाळून, दोरांनी बांधून, ट्रकवर चढवून ती नेली. लग्न झालेल्या मुलीसारखी नेली, असं कुणी म्हणालं. मला तसं वाटलं नाही. रुईच्या गठाणीसारखी नेली.

परवा, हंगाम सुरू होऊन आठवडा झाला असेल, वसंतराव माझ्याकडे आले. हल्ली काठी लागते. खुर्चीवर बसले, अंगावरची रुई झटकली, इकडचं तिकडचं बोलले. मग एकाएकी म्हणाले, "सिंधूताई, त्या दिवशी सोनाळ्याच्या रस्त्यानं कशी चालली होती ते?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"तसं मी तिले ठेवलं लय वर्षं," ते खाली पाहत म्हणाले. "पण चालवलं किती? पहिली दोन वर्षं. तुम्ही दोघींनी नेलं ते शेवटचं. मग कोणीच नाही. नांदुऱ्याच्या पुढं तो सरळ रस्ता हाय न, तिथं आवाज कसा येत होता?"

त्यांचे डोळे माझ्या तोंडाकडे लागले होते. ही नजर मी ओळखली. मी वर्षानुवर्षं दाराशी उभी राहून याच नजरेनं पाहत आले होते. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझा हेवा करत होतं, आणि तो मोटारीचा मालक होता! मी घाई केली नाही. चहा टाकला. आलं ठेचलं. मग सगळं सांगितलं. खोकून खोकून चालू झालेली, बैल दचकलेले, कुसुमची सैल पडलेली बोटं, कानात भरलेला वारा, वाळूत रुतलेली चाकं, म्हाताऱ्याचा विनोद. ते लहान मुलासारखे हसले. "मग? मग?" करत राहिले. मीही हात आखडता घेतला नाही. जरा वाढवूनही सांगितलं असेल.

मग त्यांचा चहा निवला. कप तसाच हातात धरून त्यांनी हळू विचारलं, "आणि माय बसली होती म्हणे मोटारीत. शेताला फेरा मारला. काय बोलत होती ती?"

"ते मला नाही माहीत, भाऊजी," मी म्हटलं. "मी बांधावर होते."

"कुसुम सांगत नाही."

"मलाही नाही सांगितलं तिनं."

बाहेर बंड्या जिनिंगकडे चालल्या होत्या. मी त्यांच्या हातातला निवलेला कप घेतला आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला.